उतरत्या उन्हाळ्यातले महेश्वर

उन्हाळ्याची सुटी लागली की इंदूरच्या मराठी घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा गावाला केव्हा?" गाव म्हणजे कोणते, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारीतही नाही. कोणाचे सातारा, कोणाचे वाई, कोणाचे राजापूर. होळकरांच्या चाकरीत आमचे पूर्वज मालव्यात आले, येथेच त्यांनी वाडे बांधले, येथेच लेकीसुना नांदल्या. तरी 'गाव' म्हणून जे काही असते ते तिकडेच राहिले. आमच्या लहानपणी ही यात्रा खांडव्याच्या लहान रुळांवरून होत असे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन हा लोहमार्ग आपल्या मुलखात आणविला, ही हकिगत वडील दर खेपेस पातालपाण्याच्या घाटात न चुकता सांगत. त्या रुळांचा पातालपाणी ते कालाकुंड एवढाच तुकडा आता सहलीच्या गाडीपुरता उरला आहे.

अशी गावे करून मंडळी परतत ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. शाळा उघडावयास आठ-दहा दिवस अवकाश असे. आंब्यांचा सोहळा आटोपलेला, आतेमामे भावंडे पांगलेली, खिशातले पैसे संपलेले. या दिवसांना आमच्या घरी 'शिळे दिवस' म्हणत. मुले कंटाळून एकमेकांच्या खोड्या काढीत आणि आई म्हणे, "एकदाची शाळा उघडो!"

आता वाटते, मालव्याचा उन्हाळा खरा चाखावा तो या शिळ्या दिवसांतच. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत येतो आणि मालव्यात 'नौतपा' सुरू होतो. हे नऊ दिवस चांगले तापले तर पाऊस चांगला, अशी येथील शेतकऱ्याची श्रद्धा; म्हणून उन्हाला शिव्या देताना तो हात राखून देतो. मृग लागेपर्यंत दुपार भट्टीसारखी असते, पण दिवस कलला की पश्चिमेचा वारा सुटतो आणि मग ती प्रसिद्ध मालवी रात्र उतरते. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी म्हण उत्तरेत उगीच पडलेली नाही. गच्चीवर पाणी शिंपडावे, सतरंज्या अंथराव्यात, उशाशी सुरई ठेवावी. पंख्याची आठवणसुद्धा होत नाही. पहाटे तर पायाशी चादर लागते, आणि ती एकच असल्यामुळे भांडणेही होतात.

बाजारात या दिवसांत खिरणी येते. पिवळीधमक, बोटाच्या पेराएवढी, चिकाने ओठ चिकटविणारी ही फळे मांडूच्या बाजूची विशेष गोड. पुण्याच्या पाहुण्यांना ती ठाऊक नसतात, याचा आम्हांला चोरटा अभिमान वाटतो. कैऱ्याही शेवटच्या. भाजीवाल्याजवळ मोठा सरोता घेऊन बसलेला पोरगा आठळीसकट कैऱ्या खटाखट फोडून देतो. घरी दोन बरण्या भरतात: एक आपल्या मोहरी-मेथी-हिंगाची आणि एक शेजारणीकडून शिकलेली, बडीशेप व कलौंजी घातलेली. पहिली पाहुण्यांसाठी बाहेर निघते, दुसरी आम्ही खातो. वटसावित्रीही मोहल्ल्यात दोनदा होते. शेजारच्या स्त्रिया अमावास्येला वड पुजतात, आपल्या पौर्णिमेला. वडाला कोणाचीच हरकत नसते.

हे सारे आम्ही साठ वर्षे भोगले, पण त्याला सुटीची मौज म्हणावे हे मात्र कधी सुचले नाही. ते सुचले 2019 मध्ये, आणि तेही आत्यांमुळे.

त्या वर्षी साताऱ्याकडचे घर गेले. चुलत भावंडांच्या वाटण्या झाल्या, कागद झाले, आमच्या वाट्याचे पैसे आले. भांडण नव्हते, म्हणून कोणावर रागावण्याचीही सोय नव्हती. मे महिना इंदुरातच गेला. एके दुपारी ओसरीवर लोणच्याची तयारी चालली होती. नऊ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, ते घर विकले ना? मग आता आपले गाव कोणते?"

आम्ही चष्मा पुसू लागलो. कैऱ्या पुसून टोपलीत टाकणाऱ्या आत्या मान वर न करता म्हणाल्या, "अरे, याला महेश्वर दाखविलेस का कधी?"

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. पंचविशीच्या आतच कपाळ पांढरे झाले आणि त्या माहेरी परतल्या. दर उन्हाळ्यात आम्ही सारे गावाला जात असू तेव्हा घर राखायला त्या मागे राहत. त्यांना यायचे आहे का, हे कोणी विचारल्याचे आम्हांला स्मरत नाही. आम्हीही विचारले नाही. आजोबा होळकर सरकारात महेश्वरच्या कचेरीत कारकून होते आणि आत्यांचा जन्म तेथला, हे आम्हांला ठाऊक होते. घरातल्या जुन्या वहीत नोंद असते तसे.

"आत्या, उन्हे फार आहेत. पाऊस पडल्यावर जाऊ," आम्ही म्हणालो.

"पावसात मैया गढूळ होते. घाट पाण्याखाली जातो. पाहायचे ते आत्ताच," आत्या म्हणाल्या. एवढे बोलून त्या पुन्हा कैऱ्या पुसू लागल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आम्ही निघालो. महेश्वर इंदुराहून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. धामणोदच्या मोठ्या रस्त्यानेही जाता येते, पण उन्हाळ्याच्या पहाटे महूवरून जामच्या घाटानेच जावे. मालव्याचे पठार जेथे एकाएकी संपते तेथे अहिल्याबाईंनी बांधविलेला दगडी दरवाजा उभा आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा नुकते फटफटत होते. दरवाजाच्या सज्जातून खाली पाहिले तर विंध्याच्या रांगा एकीखाली एक उतरत गेलेल्या, आणि पार तळाशी धुरकट निमाड. पावसाळ्यात येथे हिरवळ पाहावयास गर्दी लोटते. त्या दिवशी आमच्याखेरीज एक गुराखी आणि त्याच्या शेळ्या एवढेच होते. डोंगर उघडे असल्यामुळे त्यांची हाडे दिसत होती. आम्हांला तो देखावा हिरवळीहून कमी वाटला नाही. गार वाऱ्यात थर्मासमधला चहा घेतला. घाट उतरू लागताच मात्र वारा बदलला. निमाड मालव्याहून कितीतरी खाली आणि कितीतरी तापट. दोन्ही बाजूंना कपाशीसाठी नांगरून ठेवलेली शेते पाण्याची वाट पाहत पडलेली होती.

सातच्या सुमारास महेश्वर आले. येथे एक सूचना वाचकांस करून ठेवतो: या दिवसांत स्नान सकाळी नवाच्या आत उरकावे. मग घाटाच्या फरशा अशा तापतात की अनवाणी पाऊल टाकवत नाही. आणि पात्र शांत दिसले तरी त्याची ओढ फसवी असते. मुलांना खालच्या पायरीवर बसवून तांब्यानेच न्हाऊ घालावे. मौज काही कमी होत नाही.

जूनच्या आरंभी नर्मदा निवळशंख असते. घाटाच्या पार खालच्या, एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळाची हिरवी रेघ असते. मागे किल्ल्याची उंच भिंत, विठोजी होळकरांच्या छत्रीवरचे कोरीव हत्ती, अहिल्येश्वराचे शिखर, आणि समोर पात्राच्या मध्यावर बाणेश्वराचे एकटे देऊळ. आत्या सुनेचा हात धरून एकेक पायरी उतरल्या. किती पायऱ्या झाल्या ते त्या पुटपुटत मोजीत होत्या. शेजारी एक म्हातारी कपडे धूत होती. तिने काही विचारले. आम्हांला ते कळेपर्यंत आत्यांनी उत्तर दिले होते, अस्खलित निमाडीत.

आम्ही पाहतच राहिलो. साठ वर्षे ज्यांच्या तोंडून शुद्ध, तुपातल्या मराठीखेरीज काही ऐकले नाही, त्या आमच्या आत्या पाण्यात पाय सोडून निमाडीत गप्पा मारीत होत्या, हसत होत्या, मध्येच त्या बाईच्या पाठीवर थाप देत होत्या. नातू म्हणाला, "आत्याआजी, तुम्हांला ही भाषा येते?" त्या म्हणाल्या, "हीच आधी आली. पण आईला खपत नसे. 'आपली नव्हे ती,' म्हणायची. मग मी घाटावर बोलत असे, घरी नाही. आणि इंदुरास आल्यावर बोलायला कोण होते?"

यावर आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. सुनेने त्यांच्या डोक्यावर तांब्याने पाणी घातले.

स्नान झाल्यावर वर वाड्यात गेलो. 1767 पासून 1795 पर्यंत अहिल्याबाईंनी ज्या जागेवरून राज्य चालविले, ती जागा पाहून नवख्या माणसाची निराशाच होते. इंदूरच्या राजवाड्याचा डौल येथे नाही. लाकडी खांब, बैठी ओसरी, अंगणात सावली. एखाद्या खाऊनपिऊन सुखी पाटलाचा वाडा असावा तसा. जन्म चौंडीचा, 31 मे 1725 चा, म्हणजे ऐन नौतप्यातला. देह ठेवला तो येथे, नर्मदेकाठी. वाड्यात मातीची इवलीशी शिवलिंगे करून पुजण्याचा त्यांच्या काळचा परिपाठ चालू आहे. पूजा झाली की ती नर्मदेत सोडतात. फळीवर ओळीने मांडलेली ती काळी लिंगे, प्रत्येकाच्या माथ्यावर तांदळाचा एक दाणा, आमच्या नातवाला फार आवडली. दुसऱ्या दिवशी घरी त्याने कणकेची केली.

1818 मध्ये मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदुरास गेली आणि महेश्वर मागे राहिले. वाड्यातून बाहेर पडताना आत्या म्हणाल्या, "घर राखायला कोणीतरी मागे राहावेच लागते." विनोद होता की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

दुपार येथे बाहेर काढण्यासारखी नाही. माग पाहावेत हे उत्तम. मागांचा खटखटाट गल्लीगल्लीत ऐकू येतो. महेश्वरी लुगड्याचा ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. म्हणून ते उन्हाळ्यात अंगाला जड होत नाही. काठांवरचे नमुने किल्ल्याच्या दगडांतून उचललेले: वीट, चटई, चमेलीचे फूल, आणि नर्मदेची लहर. आत्यांनी पांढऱ्यावर निळ्या लहरीचे एक लुगडे हातात घेतले, काठ उलटसुलट पाहिला आणि ठेवून दिले. सुनेने ते त्यांच्या नकळत बांधून घेतले. नंतर धर्मशाळेत दहीभात, नदीच्या वाळूतले टरबूज आणि झोप.

पाचनंतर होडी करावी. बाणेश्वराला वळसा घालून परतेपर्यंत सूर्य किल्ल्याच्या टोकाला टेकतो आणि दिवसभर तापलेला दगड एकदम मऊ दिसू लागतो. उन्हाळा उतरतो म्हणजे काय, ते पाण्यातून पाहिल्याशिवाय कळत नाही. पश्चिमेला त्या दिवशी दोन-चार ढग होते. नावाड्याने त्यांच्याकडे पाहून पावसाला अजून पंधरा दिवस आहेत म्हणून सांगितले. आत्यांनी निमाडीत त्याच्याशी वाद घातला.

तेव्हापासून, 2020 आणि 2021 ही दोन टाळेबंदीची वर्षे सोडली तर, रोहिणी सरता सरता महेश्वरी एक दिवस काढण्याचा आमचा नेम झाला आहे. आत्या शेवटच्या आल्या त्या 2022 मध्ये. तोवर नातवाला निमाडी अंक शंभरापर्यंत येऊ लागले होते.

त्या पहिल्या वर्षीची एक गोष्ट राहिली. दिवे लागल्यावर निघताना नातू दिसेना. शोधले तर घाटावर वाकून थर्मासमध्ये पाणी भरीत होता. "आपल्या गावचे पाणी नेतो," म्हणाला. आत्या इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावे लागले.

"अरे वेड्या, हेच तर येते तुझ्या घरच्या नळाला!"

ते खरेच होते. इंदुरास पाणी पुरेना तेव्हा 1970 मध्ये लोकांनी नर्मदेसाठी आंदोलन केले आणि 1978 पासून मंडलेश्वराजवळच्या जलूदहून हेच पाणी विंध्य चढून सत्तर किलोमीटरांवर आमच्या घरात येते. चाळीस वर्षे आम्ही ते पीत होतो, अंगणात शिंपीत होतो, गच्चीवरही शिंपीत होतो.

जामच्या दरवाजाशी पोहोचलो तेव्हा मालव्याचा गार वारा पुन्हा लागला. मुले झोपली होती. घरी आल्यावर आत्यांनी झोपेतल्या पोराच्या हातून तो थर्मास हळूच सोडविला, देवघरातला गडू रिकामा केला आणि त्यात ते पाणी ओतून ठेवले.