अँटवर्पची सहावी भाषा

अँटवर्प हे नाव मी प्रथम वाचले ते निर्यात-बिलांवर. बँकेच्या सेवेत काही वर्षे मी मुंबईच्या ऑपेरा हाऊस परिसरातील शाखेत होतो. पंचरत्न इमारतीतील हिरेव्यापारी आमचे खातेदार. त्यांच्याशी बोलता बोलता सांगलीच्या या माणसाला गुजराती येऊ लागली. ज्या गावाचे नाव असलेल्या शेकडो कागदांवर सह्या केल्या, ते गाव पाहण्याचा योग निवृत्तीनंतर मुलामुळे आला. तो तेथे संगणक क्षेत्रात नोकरीला आहे. सूनबाई वाणिज्य पदवीधर, सांगलीच्या मार्केट यार्डात एका गुजराती हळद व्यापाऱ्याच्या पेढीवर सहा वर्षे हिशेब सांभाळलेली. ती मात्र सात महिने नोकरीच्या शोधात होती.

तेथील मध्यवर्ती रेल्वेस्थानक १९०५ सालचे आहे. त्याच्या उंच घुमटाखाली आले की मंदिरात शिरल्याप्रमाणे माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. बाहेर पडून काही मिनिटे चालले की हॉव्हेनिअर्सस्ट्राट ही हिऱ्यांची गल्ली लागते. हॉव्हेनिअर म्हणजे माळी. पण बाग आता नावापुरतीच. एका बाजूला काळ्या कोटातील ज्यू व्यापाऱ्यांची यिडिश, दुसऱ्या बाजूला अस्सल पालनपुरी गुजराती. सौदा ठरला की दोघेही हात मिळवून ‘मझल’ हा हिब्रू शब्द उच्चारतात. तो उच्चारला की सौदा पक्का. आयुष्यभर कागदावाचून एक पैसाही पुढे न सरकवलेल्या मला याचे मोठे नवल वाटले.

त्या गल्लीत कानावर ‘जय जिनेंद्र’ पडले आणि मी हुरळलो. सुनेला मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी आणि आजोळ निपाणीचे असल्याने कन्नड, अशा पाच भाषा येतात. हिशेबाचा अनुभव आहे. माणसे आपली आहेत. मग अडते कोठे? तिला न सांगता मी एका पेढीत गेलो. मालकांनी अगत्याने चहा-खाखरा दिला, मुंबईची चौकशी केली आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, “वहुने डच आवडे छे?” सुनेला डच येते का? कर, सीमाशुल्क, लेखापाल, सगळ्यांचा पत्रव्यवहार डचमध्ये. गुजराती बोलणारी माणसे तर त्यांच्या घरातच होती.

संध्याकाळी हे सुनेच्या कानावर गेले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाबा, तुमच्या शाखेत कोणी सुनेसाठी असा आला असता, तर तुम्ही काय केले असते?” मी गप्प राहिलो.

बेल्जियमच्या राजभाषा तीन: डच, फ्रेंच आणि जर्मन. ब्रुसेल्स डच आणि फ्रेंच अशा दोन भाषांचे, अँटवर्प डच भाषकांच्या फ्लँडर्स प्रांतातले. या प्रांतात १९७३ पासून मालक आणि नोकर यांच्यातील व्यवहार डचमध्येच व्हावेत असा कायदा आहे. तो इतका कडक होता की अँटवर्पमधल्याच एका इंग्रजी नोकरी-कराराचे प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले, आणि सीमेपलीकडच्या कामगारांबाबत अशी सक्ती करता येणार नाही, असा निकाल २०१३ मध्ये लागला. रोजचे कामकाज मात्र डचमध्येच चालते.

सुनेच्या निवास-कार्डावर काम करण्याची मुभा होती. (भारतातून थेट नोकरी शोधणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याच्या परवान्याचा अर्ज मालकालाच करावा लागतो.) तिने प्रांताच्या रोजगार-सेवेत, व्हीडीएबीत, नाव नोंदवले होते. तेथील बाईंनी तिच्या अर्जातील ‘ज्ञात भाषा’ या ओळीवर बोट ठेवले. आपल्याकडे पाच नावे स्वल्पविराम देऊन लिहिली की काम भागते. तेथे प्रत्येक भाषेपुढे पायरी लिहावी लागते, ए१ पासून सी२ पर्यंत. शिवाय वाचणे, बोलणे, लिहिणे यांचा हिशेब निराळा. एम. कॉम. झालेल्या मला तरी माझ्या हिंदीची पायरी कोठे सांगता आली असती?

सून डचच्या वर्गाला जात होतीच. पोटवाक्यात क्रियापद शेवटी येते, हे कळल्यावर तिला फार आनंद झाला. “अगदी आपल्यासारखे, बाबा!” अर्जही तिने नव्याने लिहिला. गुजराती: पुरवठादारांशी बोलणे, जुनी खातेवही वाचणे. हिंदी: वाहतूकदारांशी फोन. इंग्रजी: पत्रे आणि जीएसटीची विवरणपत्रे. डच: ए२, वर्ग चालू. हा अर्ज तिने हिऱ्यांच्या पेढ्यांना पाठवला नाही; बंदरातील मालवाहतूक कंपन्यांना पाठवला. रॉटरडॅमच्या खालोखाल युरोपातील हे सर्वांत मोठे बंदर. न्हावा शेवा आणि मुंद्रा येथून निघालेले कंटेनर तेथे उतरतात, आणि बिलातील एक आकडा चुकला की कोणाला तरी भारतात फोन करावा लागतो.

अकरा ठिकाणांहून नकार आले, काहींकडून उत्तरही नाही. बाराव्याने बोलावले. मुलाखतीचा पहिला भाग इंग्रजीत झाला, पुढची पंधरा मिनिटे डचमध्ये. “तीनदा अडखळले,” घरी आल्यावर ती म्हणाली. माझ्या परतीला नऊ दिवस उरले असताना सहा महिन्यांच्या कराराचे पत्र आले, बिले तपासण्याच्या कामाचे.

करार डचमध्ये होता. चौतीस वर्षे दुसऱ्यांना कर्जाच्या अटी समजावून सांगणारा मी स्वयंपाकघरातील टेबलाशी हात बांधून बसलो आणि ती एकेक कलम वाचून मराठीत सांगू लागली. पगार, कामाचे तास, रजा. मुदतपूर्व समाप्तीच्या कलमापाशी ती थांबली. मी सवयीने हात पुढे केला. “थांबा बाबा,” असे म्हणत तिने शब्दकोश जवळ ओढला.