वाडीतून दिल्लीला कसं जातात?

निवडणूक आली की आमच्या वसईत प्रत्येक पक्षाला शेतकरी आठवतो. मग शेतकरीच दिल्लीला का जात नाही, असं मी केळीचा घड उतरवता उतरवता काकांना विचारलं. "तूच जा की," काका म्हणाले. मी ते मनावर घेतलं.

आधी अर्ज. लोकसभेसाठी तो 'नमुना २अ'. वय २५ पूर्ण, मतदारयादीत नाव. इथवर मी पास. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रस्तावक पुरतो, अपक्षाला १० लागतात. प्रस्तावक म्हणजे आपलं नाव पुढे करणारा, त्याच मतदारसंघातला मतदार. मी यादी करायला घेतली आणि निम्म्यावरच भाऊबंदकी आडवी आली.

मग 'नमुना २६', म्हणजे शपथपत्र. खटले, कर्ज, सोनंनाणं, शेतजमिनीचा सर्व्हे नंबर, क्षेत्र, आजचा बाजारभाव. सातबारा काढला तर त्यावर आत्यांसकट सगळं खानदान हजर, मी तळाला. आणि वसईत वाडीचा बाजारभाव केळी-पानांवर ठरत नाही, बिल्डर ठरवतो. कागदावर मी करोडपती निघालो. खताची उधारी तशीच.

अनामत २५,००० रुपये. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर जप्त. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला मात्र निम्मी, १२,५००. हे वाचताना ट्यूब पेटली: २००८च्या पुनर्रचनेत झालेला आमचा पालघर मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. मी पडलो वाडवळ, म्हणजे त्या यादीत नसलेला. काकांना हे आधीपासून ठाऊक होतं. "म्हणूनच म्हटलं, तूच जा."

उभं राहणं मिटलं, कुतूहल उरलं. या भागातून पूर्वी कोण गेलं? शोधताना भेटले तलासरीचे लहानू कोम. १९७७ साली डहाणू मतदारसंघातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे खासदार. पण त्यांची वाट अर्जापासून सुरू होत नव्हती. ती शोधायला १९४५पर्यंत मागे जावं लागलं. तेव्हा वारली कुळांना सावकाराच्या शेतात फुकट राबावं लागे, ती वेठ. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघं सावकाराकडे गडी, ते लग्नगडी. कर्ज फिटायचं नावच नाही. त्या जानेवारीत काही वारली किसान सभेच्या टिटवाळ्याच्या परिषदेला गेले. २३ मे रोजी झरी गावात किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या उपस्थितीत सभा भरली आणि वेठ नाकारायचं ठरलं. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड तिथे मारला गेला. पुढेही लाल बावट्याची, म्हणजे किसान सभेची आणि कम्युनिस्ट पक्षाची, माणसं गावोगाव आदिवासींच्या लढ्यात होती. झरीच्या सभेपासून कोमांच्या विजयापर्यंत ३२ वर्षं गेली. मी नमुना २अ एका दुपारी भरायला निघालो होतो.

उमेदवाराचं शपथपत्र कुणालाही वाचता येतं. पुढच्या वेळी जरूर वाचा. 'व्यवसाय : शेती' दिसलं, तर एकर मोजत बसू नका, हा माणूस शेतकऱ्यांच्या कुठल्या लढ्यात होता, एवढं त्याला विचारा.