दोन अक्षरांचा निरोप

ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम पाहावयास गेलेला यात्रेकरू तेथील लहानशी धार पाहून क्षणभर गोंधळतो. पुढे जिचे पात्र डोळ्यांत मावत नाही, ती हीच का, असे त्याला वाटते. आज साऱ्या जगाला वेढून राहिलेल्या इंटरनेटचा उगमही असाच लहान आहे. तो अवघ्या दोन अक्षरांचा आहे.

१९६९ सालच्या ऑक्टोबर महिन्याची २९ तारीख होती. रात्री साडेदहाच्या सुमारास, अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात, चार्ली क्लाइन हा तरुण विद्यार्थी संगणकासमोर बसला होता. तेथून सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, बिल ड्युव्हाल दुसऱ्या संगणकापाशी वाट पाहत होता. दोघे दूरध्वनीवरून परस्परांशी बोलत होते. त्या दूरच्या संगणकात प्रवेश मिळविण्यासाठी क्लाइनला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. त्याने ‘एल’ हे अक्षर पाठविले, ते पोहोचले. ‘ओ’ पाठविले, तेही पोहोचले. पुढचे अक्षर पाठविताच पलीकडचा संगणक बंद पडला! दोष दूर करण्यात सुमारे एक तास गेला आणि मग जोडणी पूर्ण झाली. ह्या जाळ्याला ‘आर्पानेट’ असे नाव होते.

त्यामागची कल्पना साधी, पण विलक्षण होती. दूरध्वनीवर दोन माणसे बोलू लागली, की तेवढा वेळ ती वाट केवळ त्यांच्यासाठीच अडून राहत असे. अमेरिकेत पॉल बॅरन व ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस ह्यांनी, परस्परांच्या नकळत, निराळी रीत शोधून काढली. जुन्या पोथीची पाने सुटी असतात आणि प्रत्येक पानावर क्रमांक असतो. अशी पोथी एकाच्याच हाती न देता तिची पाने अनेक वाटसरूंबरोबर धाडली तर? कोणी घाटाने जाईल, कोणी नदीकाठाने. पाने मागेपुढे पोहोचली, तरी क्रमांक पाहून पोथी लावता येईल. एखादे पान हरवले, तर तेवढेच पुन्हा मागविता येईल. संदेशाचेही असेच तुकडे करून पाठवावयाचे, ही ती रीत होय. डेव्हिस ह्यांनी ह्या तुकड्यांना ‘पॅकेट’ असे नाव दिले.

पुढे अशी अनेक जाळी निर्माण झाली. परंतु प्रत्येकाची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेना. तेव्हा १९७४ साली व्हिंट सर्फ व बॉब कान ह्यांनी सर्वांस समान असे नियम सुचविले. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने ते स्वीकारले. हे नियम कोणा एकाच्या मालकीचे न राहता सर्वांस खुले राहिले.

हीच उदारता पुन्हा एकदा दिसली. जिनिव्हाजवळील सर्न ह्या विज्ञानसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ साली एक योजना मांडली. एका लेखातील शब्द निवडताच दुसऱ्या संगणकावरील लेख समोर यावा, अशी ती योजना होती. तिलाच पुढे ‘वर्ल्ड वाइड वेब’ हे नाव मिळाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती कोणतेही मूल्य न घेता जगाला वापरावयास मोकळी केली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सर्वसामान्य लोकांस खुली केली, तेव्हा हे दानही त्यांच्यापर्यंत पोहोचले.

वाटेवरची पाणपोई कोणाची जात वा गाव विचारीत नाही. तहानलेला येतो आणि पाणी पितो. इंटरनेटचे मोठेपण ह्याच मोकळेपणात आहे. मात्र ह्या पाणपोईच्या रांजणात कोणालाही काहीही ओतता येते. म्हणून पिणाऱ्याने पाणी पाहून घ्यावे आणि ओतणाऱ्याने ते निर्मळ ठेवावे, हे ओघानेच आले. निरोपाचे सर्व तुकडे नीट पोहोचले की नाहीत, एवढेच ते नियम पाहतात. तो निरोप खरा आहे की खोटा, हे पाहण्याचे काम मात्र पाठविणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचेच राहते.