शिळें कोणाच्या पानांत?

पाव फ्रीजमध्यें ताजा राहतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. तेथें बुरशी उशिरां धरते. परंतु भाजतांना फुललेलें पिठांतील पिष्ट ४ अंशांच्या गारव्यांत पुन्हां घट्ट होऊन पाव लवकर कडक होतो. म्हणून एकदोन दिवस तो बाहेर डब्यांतच बरा. पोळ्यांची वाफ गेल्यावांचून झांकण लावूं नये. एरव्हीं पाणी सुटतें. भात मात्र दोन तासांच्या आंत फ्रीजमध्यें जावा; त्यांतील कांहीं जंतूंचीं बीजें शिजवूनही जगतात.

गीतेच्या १७ व्या अध्यायांत प्रहर उलटलेलें अन्न तामस म्हटलें आहे. तथापि एकत्र कुटुंबांत थोडें उरतेंच. तें नेहमीं सुनेच्याच पानांत कां पडावें? आम्ही म्हणतों, वडीलधाऱ्यांनीं तें प्रथम आपल्या पानांत वाढून घ्यावें. मग अन्न आपोआप मोजकें शिजेल.