रेसिडेन्सीची पहाट

इंदूरच्या ज्या रेसिडेन्सीत एकेकाळी इंग्रज एजंटाचा दरारा होता, तेथील वृक्षराजीत आज पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ असते. रस्त्यावरून आणून पाळलेल्या कुत्र्यासह एखादी गर्भवती सून तेथे दिसली, की आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळजात धस्स होते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली निरोगी गर्भवतींना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला आहे. धावण्याची सवय असणारीने डॉक्टरांच्या संमतीने, बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. कुत्र्यास रेबीजची लस द्यावी. साखळी कमरेस बांधू नये, गल्लीतील कुत्री भुंकताच हिसका बसून तोल जातो. भोवळ वा रक्तस्राव होताच थांबून डॉक्टरांना गाठावे. सुनेस घरी बसविण्यापेक्षा सासूबाईंनीच चार पावले सोबत चालावे.