विचारल्याशिवाय न वाजणारा टायमर

डीपीडीकेचा टायमरचा नमुना सुरू केला की स्क्रीनवर एकसुरी ओळी सरकू लागतात. कोणता टायमर, कोणत्या कोअरवर, बस्स. नवखा माणूस क्षणभर बघून पुढच्या नमुन्याकडे वळतो. मुरलेला प्रोग्रामर मात्र इथे रेंगाळतो.

नेटवर्कची पॅकेटं कर्नलला वळसा घालून थेट प्रोग्रामच्या हाती देणारं हे सॉफ्टवेअर २०१० साली इंटेलमध्ये जन्मलं आणि २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे. १० गिगाबिटच्या जोडणीवर ६४ बाइटची पॅकेटं सलग आली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद येतात. इंटरप्टची वाट बघायला सवड कुणाला? म्हणून कोअर झोपतच नाहीत, अखंड फिरत राहतात.

बांधणीत फार काही नाही: मेसन या बांधणीच्या साधनाला नमुन्याचं नाव सांगायचं, बाकी त्याचा जोडीदार निंजा बघून घेतो. ह्यूजपेज, म्हणजे मेमरीची मोठी पानं, आधी राखून ठेवायची, नाहीतर प्रोग्राम उंबरठ्यावरच मान टाकतो.

खरी गंमत पुढे. इथला टायमर आपणहून वाजत नाही. प्रत्येक कोअरने साधारण दर १० मिलिसेकंदांनी ‘कुणाची वेळ भरली का?’ असं विचारायचं. विचारलं तरच वाजणार. पहिला टायमर मुख्य कोअरवर दर सेकंदाला येतो. दुसरा एकदाच वाजतो आणि वाजता वाजता स्वतःला पुढच्या कोअरवर, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी, पुन्हा लावून घेतो. पंगतीत वाढप्याने पुढच्या पानाकडे सरकावं तसा. पहिल्याची पुढची वेळ मागच्या ठरलेल्या वेळेवरून मोजली जाते, म्हणून त्याचा उशीर साठत नाही. दुसऱ्याची मोजणी तो प्रत्यक्ष वाजल्यावर सुरू होते, त्यामुळे तो हळूहळू मागे पडत जातो. ओळी बघून हे कळत नाही. कोड वाचावा लागतो.

त्याच कोडात आणखी एक मौज आहे. मोजणी २० वर आली की पहिला टायमर थांबवायचा, असं शेरा सांगतो. पण मोजणी शून्यापासून आणि तुलना आधी, वाढ नंतर; म्हणून ओळी छापल्या जातात २१!

हाताला सवय लावायची असेल तर चार कोअर द्यावेत आणि मुख्य सोडून त्यातल्या एकाच्याच फेऱ्यात मुद्दाम अर्ध्या सेकंदाची डुलकी घालावी. दुसरा टायमर तिथे पोचला की अडकतो, आणि त्यामागे बाकीच्या कोअरांची पाळीही लांबते. मुख्य कोअरवरचा पहिला मात्र आपल्या २१ ओळी संपेपर्यंत सेकंदाचा ठेका सोडत नाही.