तहान किती लागते?

होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे आधी वेळ ठरवून जायचं असतं, असं १९७५च्या सुमारास कुणी सांगितलं असतं तर आमची आजी हसली असती. नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका वाड्याच्या ओसरीवर आमचे डॉक्टर बसत. दिवसा नोकरी, दिवेलागणीनंतर गोळ्या. लाकडी पेटीच्या खाचांत बुचाच्या बाटल्या आणि बुचांवर शाईने लिहिलेली अर्धीमुर्धी नावं : नक्स, ब्रायो, पल्स. चौकोनी कागदावर ते दूधसाखरेची भुकटी घेत, तीवर चार गोळ्या सोडत आणि अशी घडी घालत की कण सांडायचा नाही. पुड्यांवर एक, दोन, तीन असे आकडे. पुढे एका होमिओपॅथ मित्राने गुपित फोडलं : पुष्कळदा औषध पहिल्याच पुडीत, बाकी सगळं ‘सॅक लॅक’, म्हणजे नुसती दूधसाखर!

प्रश्न आजचेच होते. तहान किती लागते? घाम कुठे येतो? नाशिकची थंडी सोसते का? कुठल्या कुशीवर झोपतोस? फक्त उत्तरं रोगी सोडून बाकी सगळे देत. “झोपेत ओरडतो हो,” आई सांगे. बाकावरच्या काकू “पहिल्यापासून भित्राच आहे” अशी पुस्ती जोडत. मी अंथरूण ओलं करतो, हे अख्ख्या आळीला कळलं ते त्याच ओसरीवर.

मागच्या हिवाळ्यात भाचीला अर्धशिशीसाठी कॉलेज रोडवर नेलं. फोनवरच ताकीद मिळाली होती : पहिल्या भेटीला तासभर लागेल, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी आणा. डॉक्टरीणबाईंनी मला थोड्याच वेळात गोडीगुलाबीने बाहेर बसवलं. डोकं उन्हाने चढतं की जागरणाने, पाळीच्या आधी वाढतं का, खारट आवडतं का, आजोळी कुणाला हाच त्रास होता, स्वप्नं कसली पडतात, हे सगळं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, “रडू आलं तर कुणी समजूत काढलेली चालते, की आणखी चिडचिड होते?” तिथे भाचीचा बांध फुटला. ओसरीवर हे झालं असतं? मला त्या ओसरीचा कितीही लळा असो, हे प्रश्न बंद दाराआडच शोभतात.

केंटच्या जाडजूड रेपर्टरीची, म्हणजे लक्षणांवरून औषध शोधायच्या सूचीची, पानं आता कुणी फारशी उलटत नाही. लक्षणं भरली की संगणकच औषधांची यादी मांडतो. नोकरी सांभाळून गोळ्या देणारेही गेले. साडेचार वर्षांची पदवी, वर एक वर्षाची इंटर्नशिप, आणि परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे.

गोळ्या मात्र त्याच. ३० पोटन्सी म्हणजे शंभरात एक असं तीस वेळा पातळ केलेलं. बाराव्या खेपेच्या पुढे मूळ द्रव्याचा रेणूही सापडणं कठीण. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने अनेक अभ्यास तपासले, तेव्हा कुठल्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. यावरून मित्राशी माझं दर दिवाळीला वाजतं. पण तासभर कुणी मध्ये न तोडता ऐकून घेणं, ही चीज आज मोठमोठ्या हॉस्पिटलांतही विकत मिळत नाही. बाईंनी न्यूरॉलॉजिस्टच्या गोळ्या बंद करायला सांगितलं नाही, हे मला फार आवडलं. सांगितलं असतं तर तिथूनच उठलो असतो.

पथ्यंही सैलावली आहेत. तेव्हा कांदा, लसूण, हिंग, कॉफी, सगळं बंद, “मग जेवायचं काय?” म्हणत आजी वरणात हिंग घालायचीच. आता गोळ्यांना हात लावायचा नाही, झाकणातून थेट जिभेवर घ्यायच्या, आणि मागेपुढे थोडा वेळ काही खायचं नाही, एवढंच. कॉफी? एखादा कप चालेल.

तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं होतं, डोकं कधी दुखलं त्याची तारीखवार वही घेऊन. ती भेट मात्र पंधरा मिनिटांचीच.